युलालीचा दगड

१८ डिसेंबर
हिल्सबरो, कॅरियाकू

जनेल,

तुझा निरोप मेल्विनाने काल पोचवला. निरोप कसला, एक प्रश्नच. आईच्या कबरीचा दगड बसवायला मार्चमध्ये तू येशील, पण आधी बाबाने कागदावर लिहून द्यायचं, की त्या ख्रिसमसला बोटीवरचा रेडिओ चालू होता का बंद. तुझी मावशी हे माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून म्हणाली आणि वर पदरचं घातलं, "दोन वर्षं नुसता तोंडाने सांगतोयस. आता लिहून दे."

फोन तू उचलत नाहीस, तर लिहितो. रेडिओ बंद होता. खारं पाणी शिरलं होतं. दफनाच्या दुसऱ्या दिवशी तू बोटीवर आलीस, बटण दाबलंस आणि तो बोलायला लागला, हे खरं. पण मधल्या दिवसांत मी तो उघडून पुसला होता. मी टोबॅगो केजच्या खडकांत बोट नांगरून भाडं भरून आलेल्या पाहुण्यांना ख्रिसमसचं जेवण वाढत होतो, इथे तुझ्या आईचा जीव गेला, आणि मला कुणी कळवू शकलं नाही. एवढंच घडलं. याहून वेगळं लिहायला माझ्याकडे काही नाही.

दगड आलाय. ग्रेनाडाहून मालाच्या बोटीने आला, चार माणसांनी उचलून बाहेरच्या खोलीत ठेवला. रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून, चादर घालून. मी जेवायला बसतो तेव्हा तो माझ्या पाठीशी असतो. त्यावर तिचं नाव आहे, तारखा आहेत आणि खाली तुझं नाव आहे, कारण तू तिची थोरली आणि एकुलती. पहिलं पाणी थोरल्या लेकराच्या हातचं पडल्याशिवाय दगड ओला होत नाही, आणि ओला झाल्याशिवाय तो मातीवर ठेवत नाहीत, हे तुला ब्रुकलिनमध्ये राहूनही आठवत असेल. तू आली नाहीस तर तो असाच भिंतीकडे बघत राहील.

मेल्विनाला स्वप्न पडतं. तुझी आई फाटकाशी उभी असते, अंग भिजलेलं, पाय उघडे, आत ये म्हटलं तर येत नाही. शेजारच्या रूफिनाला हेच स्वप्न पडलं. चर्चमधल्या बाईलाही पडलं. अर्ध्या गावाच्या स्वप्नात जाऊन आली. माझ्याकडे एकदाही नाही.

उद्या निघतोय. नॉर्वेची दोन माणसं आहेत, बाप आणि मुलगी. उत्तरेला बेक्वियापर्यंत वर जायचं, उतरताना मेरो बेट, मग टोबॅगो केजमध्ये ख्रिसमस. दोन वर्षांपूर्वीची तीच वाट. मी दुसरी सुचवली होती, पण मुलीने सगळं वाचून ठेवलंय.

तुझा बाबा,
ऑगस्टीन


२१ डिसेंबर
बेक्विया

जनेल,

वर येताना ख्रिसमसच्या वाऱ्यांनी चांगलं बदडलं. यंदा ते आठवडाभर आधीच सुटलेत. 'लेडी जनेल' म्हातारी झाली तरी वाऱ्याला तोंड देते. तू सहा वर्षांची असताना मी तिच्या फळ्या ठोकत होतो आणि तू खाली बसून खिळे वेचायचीस. पाण्यात सोडताना बकऱ्याचं रक्त शिंपडलं तेव्हा रडलीस, आणि बोटीला तुझं नाव आहे म्हटल्यावर गप्प झालीस. असो.

बापाचं नाव हॉकन. शाळेत भूगोल शिकवायचा. त्याची बायको मे महिन्यात गेली, तेव्हापासून घराबाहेर पडत नव्हता म्हणून मुलीने त्याला इथे ओढून आणलंय. ती सिग्ने, तुझ्याच वयाची. सारखी त्याच्या मागे लागलेली असते. बाबा टोपी घाल, बाबा पाणी पी, बाबा ते कासव बघ. तो ऐकत नाही आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मी सुकाणूवर बसून त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करतो.

इथे ख्रिसमसआधीच्या नऊ पहाटा चालू आहेत. उजाडायच्या आत सगळं गाव रस्त्यावर येतं, ढोल, गाणी, मग समुद्रात डुबकी आणि तसंच ओल्या केसांनी कामावर. सिग्नेने आम्हा दोघा म्हाताऱ्यांना उठवून नेलं. आल्याचं पेय घेतलं, काळा केक घेतला. हॉकन खिशात हात घालून गर्दीत हलत होता, तर पोरगी म्हणते, "बाबा, तू नाचतोयस का किल्ली शोधतोयस?" लोक हसले, तोही हसला. मग मला हळूच म्हणाला की त्यांच्या घराची किल्ली खरंच तो खिशात घेऊन फिरतो, बायकोची.

मला तुला रेडिओबद्दल आणखी थोडं सांगायचंय. बॅटरी उतरली होती. मागच्या पत्रात मी खारं पाणी लिहिलं आणि आता बॅटरी म्हणतोय, असं तू म्हणशील. बोटीवर एक बिघडलं की चार बिघडतात, ही गोष्ट ब्रुकलिनमध्ये कळायची नाही.

आणि एक लक्षात घे. त्याच हंगामात तुझ्या आईने मेल्विनाकरवी रेडिओवरून मला दोनदा परत बोलावलं होतं. साखर वाढली, छातीत दुखतंय, ताबडतोब ये. दोन्ही वेळा पाहुण्यांना युनियन बेटावर हॉटेलात सोडलं, देशाची हद्द ओलांडायची म्हणून हातापाया पडून कस्टमचे शिक्के मारून घेतले आणि शीड फाटेस्तोवर बोट हाकली. पहिल्या वेळी पोचलो तर बाई ओसरीत बसून तूर सोलत होती. दुसऱ्या वेळी शेजारणीबरोबर पत्ते खेळत होती. मी ओरडलो, तर म्हणते, "आता बरं वाटतंय. तू आलास ना."

माणूस तिसऱ्या वेळी काय समजणार? ते आता का लिहितोय कोण जाणे. तिसऱ्या वेळी मला कळलंच नव्हतं. रेडिओ बंद होता.

हे पत्र इथल्या टपालात टाकतोय.

बाबा


२३ डिसेंबर
मेरो

जनेल,

आज दोघांना टेकडीवरच्या दगडी चर्चपर्यंत नेलं. मागच्या अंगणातून टोबॅगो केज सगळं दिसतं, खडकांची रांग, आत उथळ हिरवं पाणी, नांगरलेल्या बोटी. सिग्ने फोटो काढत होती. मला तिथे उभं राहवेना, म्हणून चढ झेपत नाही असं सांगून मी खाली किनाऱ्यावर आलो.

खाली कनूट भेटला. तुला आठवत असेल, शेवंडं भाजून विकणारा, पुढचा दात सोन्याचा. लहानपणी तू त्याला घाबरायचीस. ख्रिसमसला तो दरवर्षी केजच्या वाळूवर चूल मांडतो, त्या वर्षीही तिथेच होता. मी त्याला दगडाचं सांगितलं, मार्चमध्ये ये म्हटलं. आणि तुझ्या अटीचंही सांगितलं. मुलगी बघ कशी आहे, बापाकडून लेखी मागते, असं काहीतरी. हसून सांगितलं मी.

तो हसला नाही. विस्तव सारखा करत म्हणाला, "मग लिहिलंस काय?"

मी म्हटलं, जे आहे तेच, रेडिओ बंद होता.

"ऑगस्टीन," तो म्हणाला, "माझ्या होडीतला रेडिओ चालू होता. सोळा नंबरवर. केजमधल्या सगळ्या बोटींचा चालू होता. मी मान वर करून बघितलं तर तू जेवणावरून उठून आत रेडिओकडे जात होतास."

मी त्याला म्हटलं, उन्हात बसून तुझं डोकं फिरलंय.

"असेल. तू बिघडला म्हणालास, आम्ही म्हटलं बिघडला. मेलेल्या बाईच्या नवऱ्याशी कोण वाद घालतंय? पण पोरीला लिहून देऊ नकोस. आम्ही खोटं बोललो ते तोंडी बोललो."

जनेल, दोन वर्षं मी समजत होतो की झाकली मूठ सव्वा लाखाची. धक्क्यावर लोक पाठ थोपटायचे, काय दैव बघा, नेमका त्याच दिवशी रेडिओ जावा, म्हणायचे. ते सगळे आधी ऐकून बसले होते. या समुद्रात एकाला मारलेली हाक सगळ्यांना ऐकू येते, हे मीच तुला शिकवलं होतं. रेडिओवर नवऱ्याबायकोचं भांडण करू नये, म्हणून. आणि तेच मी विसरलो.

हे पत्र मी फाडणार होतो. अजून ठरवलेलं नाही. वर टेकडीवरून सिग्ने बापाचा हात धरून उतरतेय. तिला स्वयंपाकाचं विचारायचं असेल, त्यांचा सण उद्या संध्याकाळीच असतो.


२५ डिसेंबर
टोबॅगो केज

जनेल,

काल संध्याकाळी त्यांनी सण केला. डब्यातून आणलेला सुका मासा, मेणबत्त्या, आणि मी दिलेलं अंबाडीच्या बोंडांचं सरबत. वारा मेणबत्त्या टिकू देईना. जेवण झाल्यावर हॉकन बायकोबद्दल बोलायला लागला. अकरा दिवस तो इस्पितळात तिच्या उशाशी बसून होता. शेवटी कॉफी आणायला म्हणून उठला, आणि परत आला तर ती गेली होती. सात महिने तो स्वतःला कोसतोय. सिग्नेने त्याची पाठ चोळली आणि म्हणाली, "बाबा, तू कॉफी आणायला गेला होतास रे. फक्त कॉफी आणायला."

मी भांडी घेऊन आत गेलो. मी कॉफी आणायला गेलो नव्हतो.

आज सकाळी त्यांना कासवं दाखवली. आता ते वाळूवर आहेत आणि मी एकटा आहे, दुपारचे बारा वाजलेत. मी लिहितो. मी लिहिलं की तू येणार नाहीस, हे मला माहीत आहे. तू आली नाहीस तर तुझ्या आईचा दगड भिंतीकडे तोंड करून राहील, तेही माहीत आहे. पण खोटं लिहिलं तरी तू येणार नव्हतीस. तुला उत्तर ठाऊक होतं. तू फक्त मी काय करतो ते बघत होतीस.

रेडिओ चालू होता.

अशीच दुपार होती. सहा पाहुणे होते, सगळ्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या, माझ्याही. मी मांसाचा मोठा तुकडा कापत होतो आणि गोष्ट सांगत होतो, माझा आजा शिक्का न मारता रम कशी आणायचा ती. ती रंगात आली असतानाच मेल्विनाचा आवाज आला. तिच्या स्वयंपाकघरातल्या त्या जुन्या रेडिओवरून. 'लेडी जनेल', 'लेडी जनेल', युलालीला बरं नाही, निघून ये. मी सुरी ठेवली आणि आत गेलो. मनात म्हटलं, आली तिसरी वेळ. आता तूर सोलत असेल.

दुसऱ्यांदा मेल्विनाने हाक मारली तेव्हाही मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं की निघावं लागतं. उत्तर दिलं नाही तर ऐकूच आलं नाही, असं म्हणता येतं. एवढा हिशोबी विचार मी केला, जनेल. माझ्या हातात माइक होता.

मग तुझी आई बोलली. उभ्या आयुष्यात तिने रेडिओला हात लावला नव्हता, चावतो म्हणायची. पण मी ज्या पद्धतीने बोटीचं नाव तीन वेळा घेतो तसंच तिने घेतलं, हळू, श्वास घेत घेत. 'लेडी' म्हणायची राहिली. नुसतं जनेल, जनेल, जनेल. आणि म्हणाली, "ऑगस्टीन, या वेळी खरं आहे रे."

मी रेडिओ बंद केला नाही. आवाज कमी केला. बटण इतकं फिरवलं की आत कुणी काही बोललं तरी बाहेर टेबलापर्यंत जाऊ नये. मग बाहेर येऊन गोष्ट पुरी केली. सगळे हसले. मीही हसलो.

तीन वाजता मी नांगर उचलला. पाहुण्यांना सांगितलं, वारा वाढतोय. युनियनला सणामुळे कस्टमचा साहेब घरी जेवत होता, त्याला शोधण्यात तास गेला. सातला मी हिल्सबरोला पोचलो. ती साडेपाचला गेली होती. बाराला निघालो असतो तर चारला पोचलो असतो. दीड तास मी तिच्याजवळ बसलो असतो. कदाचित डॉक्टरांनाही काही करता आलं असतं, कदाचित नसतं. ते मला कधीच कळणार नाही, आणि कळू नये अशी माझी लायकी आहे.

तुला का सांगितलं नाही, हे विचारू नकोस. तू विमानातून उतरलीस ती धावतच आलीस आणि माझ्या गळ्यात पडलीस. म्हणालीस, बिचारा बाबा. बोटीवर ते बटण दाबायच्या आधीची ही गोष्ट आहे. ते दोन दिवस मला हवे होते.

मी तिचा राग करत होतो, असं नाही. कंटाळलो होतो. सणाच्या दिवशी टोपी घालून हसत होतो आणि ते सोडून उठावंसं वाटलं नाही. याच्याहून मोठं कारण मी दोन वर्षं शोधतोय. सापडत नाही.

ही दोन्ही पत्रं एकदम उद्या युनियनला टपालात टाकीन. सिग्ने हात हलवून बोलावतेय, त्यांना न्यायला छोटी होडी सोडायला हवी.

ऑगस्टीन


१४ मार्च
समुद्रावर, कॅरियाकूच्या पूर्वेला

जनेल,

हे पत्र तुला कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते मला कळत नाही, कारण आज तू माझ्या घरात आहेस.

तुझं उत्तर जानेवारीच्या शेवटी आलं. मेल्विनाने या वेळी कमरेवर हात ठेवले नाहीत. खुर्चीवर बसून, माझ्याकडे न बघता बोलली. "ती येतेय. दगड बसवेल, पाणी घालेल, जेवण वाढेल. पण ती असेपर्यंत तू बेटावर नसायचं, म्हणालीये." मी विचारलं, किती दिवस. म्हणाली चार. मी विचारलं, आणखी काही म्हणाली का. मेल्विना उठून चूल बघायला गेली.

मी लगेच चौदा तारखेला धरून चार दिवसांचे पाहुणे घेतले, म्हणजे मन बदलायला जागा राहू नये. कॅनडाचं जोडपं आहे, नवीन लग्न झालेलं. निघताना घर झाडून ठेवलं. तुझ्या खोलीच्या खिडकीला नवी कडी लावली. बकरे आणि मक्याचं पीठ मेल्विनाकडे पोचवलं, रमची पिंपं ओसरीत ठेवली. दगडावरची चादर धुऊन परत घातली. दगडाला तोंडाने काही सांगावं असं मला वाटलं होतं, पण पिंपं आणणारे मजूर खोलीत होते.

काल आम्ही युनियनपाशी होतो. आज त्या जोडप्यातल्या पोरीला बेटाची वाऱ्याकडची बाजू बघायची होती, तिथे बोटी बांधतात असं तिने कुठेतरी वाचलंय. तिला नाही म्हणायला हवं होतं. तू सांगितलं होतंस बेटावर पाय ठेवू नकोस, आणि मी ठेवला नाही. खडकांच्या बाहेरून सावकाश आलो. पण कबरस्तान तिथे पाण्याच्या काठालाच आहे, आणि वेळ काढून मी नेमका तिसऱ्या प्रहरी तिथे आलो, हे मी कबूल करतो. आता लपवून काय करायचंय?

दुर्बीण पोरीच्या हातात होती. म्हणाली, "स्किपर, तिकडे बघा, केवढी माणसं. सगळी पांढऱ्या कपड्यांत. ढोल पण आहे." मग मी दुर्बीण घेतली.

दगड आठ जणांनी धरला होता. मेल्विनाला मी तिच्या टोपीवरून ओळखलं. कनूटसुद्धा आला होता. मग माणसं बाजूला झाली आणि तू पुढे आलीस. केस कापलेस. हातात आईचा तो निळा जग होता. तू वाकलीस आणि पाणी घातलंस, आणि घालतच राहिलीस, इतका वेळ की जग रिकामा झाला असणार. मग कुणीतरी तुझ्या हातून तो काढून घेतला आणि तू तिथेच दगडावर हात ठेवून बसलीस. बोट हलत होती म्हणून मला सगळं नीट दिसलं नाही. बोट हलत होती, असं मी पोरीला सांगितलंही.

तिच्या नवऱ्याने विचारलं, कसला सण आहे. मला उगाच काहीतरी सांगता आलं असतं. बोलण्यात मी कधी कमी पडलो नाही. पण मी सांगितलं, माझ्या बायकोचा दगड बसवतायत.

त्याने शिडाचा दोर उगाच आवळला. मग पोरीने फार हळू विचारलं, "मग तुम्ही तिथे का नाही?"

मी म्हटलं, "माझी मुलगी आलीये."